फिल्म परत आणणारे टेहळणी उपग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शीतयुद्धातल्या हेरगिरी उपग्रहांबद्दल बोलणे निघाले की बहुतेक जण कॅमेऱ्याबद्दल विचारतात: किती मोठा होता, गाडीची नंबरप्लेट दिसायची का, वगैरे. कॅमेरा अवघड होताच, पण खरा घाम निघाला तो उघडलेली, म्हणजे फोटो उमटलेली, फिल्म कक्षेतून धडधाकट खाली आणताना. म्हणून पुढच्या बऱ्याच उत्तरांत आम्ही फिल्मच्या मागेमागे गेलो आहोत.

फिल्म परत आणणारा उपग्रह म्हणजे नेमके काय?

कक्षेत फिरताना रासायनिक फिल्मवर फोटो काढायचे, उघडलेली फिल्म पुढच्या कुपीत गुंडाळत न्यायची, कुपी पृथ्वीवर उतरवायची आणि फिल्म जमिनीवरच्या प्रयोगशाळेत धुवायची. एवढेच त्याचे काम. असे उपग्रह तीन देशांनी नियमितपणे उडवले. अमेरिकेचे कोरोना, गॅम्बिट आणि हेक्सागॉन, सोव्हिएत संघाचे झेनित आणि यांतार, आणि चीनचे एफएसडब्ल्यू. केएच-१ ते केएच-९ ही नावे अमेरिकी कॅमेरा प्रणालींची आहेत. केएच-१ ते केएच-४बी हे कोरोनाचे टप्पे, केएच-७ आणि केएच-८ म्हणजे गॅम्बिट, केएच-९ म्हणजे हेक्सागॉन.

फोटो रेडिओने खाली का पाठवले नाहीत?

आकडे मांडले की उत्तर आपोआप मिळते. कोरोनाच्या एका फ्रेमचा प्रतिमा असलेला भाग साधारण ५.५ सेंटिमीटर रुंद आणि ७५.७ सेंटिमीटर लांब. केएच-४बीची फिल्म एका मिलिमीटरात सुमारे १६० रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी रेषा मिळून एक जोडी) वेगळ्या दाखवू शकत होती. हा तपशील न गमावता स्कॅन करायचा तर मिलिमीटरला निदान ३२० ठिपके हवेत. म्हणजे एका फ्रेमचे ४ अब्जांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ६ बिट धरले आणि सेकंदाला १० लाख बिट पाठवणारी यंत्रणा मिळाली असे मानले, तरी एका फ्रेमला सुमारे ७ तास लागतात. इतक्या खालून जाणारा उपग्रह एका भूस्थानकाला फार तर सात-आठ मिनिटे दिसतो, आणि एका मोहिमेत फ्रेम निघतात हजारो.

प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. अमेरिकी हवाई दलाच्या सॅमोस प्रकल्पात फिल्म उपग्रहातच धुऊन, स्कॅन करून रेडिओने पाठवायची व्यवस्था होती. हेरगिरीसाठी ती चित्रे फारच ढोबळ ठरली. त्याच धाटणीची कोडॅकची यंत्रणा पुढे १९६६-६७ मध्ये लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राभोवती वापरली. तिथे ती उत्तम चालली, कारण तिथे घाई नव्हती आणि जमिनीवरची स्थानके तासन्‌तास ऐकत बसू शकत होती.

कोरोनाची पहिली बारा उड्डाणे का फसली?

प्रकल्पाला फेब्रुवारी १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची मंजुरी मिळाली. जगाला सांगायचे नाव होते ‘डिस्कव्हरर’, आणि काम म्हणे वैज्ञानिक प्रयोग. पहिले उड्डाण २८ फेब्रुवारी १९५९ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरून झाले. त्यानंतर दीड वर्ष काही ना काही बिघडत राहिले, आणि दर वेळी बिघडणारी गोष्ट वेगळी असायची. कधी थॉर रॉकेट किंवा त्यावरची आगेना ही दुसरी पायरी दगा द्यायची, कधी कॅमेरा पहिल्याच फेरीत बंद पडायचा, कधी सगळे व्यवस्थित होऊन कुपीच हरवायची.

दोन उदाहरणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. डिस्कव्हरर-२ ची कुपी एप्रिल १९५९ मध्ये वेळेचे गणित चुकल्याने हवाईजवळ उतरण्याऐवजी नॉर्वेच्या स्पिट्सबर्गन बेटाच्या बाजूला उतरली आणि सापडलीच नाही. डिस्कव्हरर-५ मध्ये रेट्रोरॉकेट (वेग कमी करणारे छोटे रॉकेट) पेटले, पण कुपीचे तोंड चुकीच्या दिशेला होते. वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढला आणि कुपी आणखी वरच्या कक्षेत जाऊन बसली.

डिस्कव्हरर-१३ मध्ये कॅमेरा नव्हता, फक्त उपकरणे आणि एक अमेरिकी झेंडा होता. त्याची कुपी ११ ऑगस्ट १९६० रोजी हवाईजवळच्या समुद्रातून उचलली. कक्षेतून परत मिळवलेली ती पहिली मानवनिर्मित वस्तू. आठवडाभरात डिस्कव्हरर-१४ उडाला आणि १९ ऑगस्टला त्याची कुपी विमानाने हवेतच झेलली. आत ९ किलो फिल्म होती. तीवर सोव्हिएत भूमीचा सुमारे ४२ लाख चौरस किलोमीटर भाग आला होता, म्हणजे त्याआधीच्या यू-२ या अमेरिकी हेरगिरी विमानांच्या सगळ्या फेऱ्यांनी मिळून टिपला त्याहून जास्त. १ मे रोजी पाडलेल्या यू-२ विमानाचे वैमानिक गॅरी पॉवर्स यांना मॉस्कोच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली, तीही त्याच दिवशी.

फिल्म अंतराळात तुटायची का?

हो. सुरुवातीची फिल्म अ‍ॅसिटेटच्या पायावर होती. तिला लवचिक ठेवणारे द्रव्य निर्वातात उडून जायचे आणि फिल्म कडक, ठिसूळ व्हायची. रोलरवर वळताना ती फाटायची, तुकडे यंत्रात अडकायचे आणि मोहीम तिथेच संपायची. कोडॅकने पॉलिएस्टरच्या पायावर इमल्शन (फोटो उमटणारा थर) चढवायची पद्धत बसवली, तेव्हा हा त्रास थांबला. एप्रिल १९६० च्या डिस्कव्हरर-११ मध्ये नव्या फिल्मवर कॅमेरा पहिल्यांदा नीट चालला, पण कुपी परत मिळाली नाही.

पॉलिएस्टरचा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा होता. तो मजबूत असल्याने पातळ करता येतो. जाडी कमी झाली की त्याच वजनात, त्याच रिळावर जास्त लांबीची फिल्म बसते. फिल्मचे वजन हीच खरी मर्यादा होती. १९६० मध्ये एका मोहिमेत ९ किलो फिल्म असायची. केएच-४ए मध्ये दोन कुपींत मिळून ७० किलोंच्या पुढे गेली.

काही कोरोना फोटोंवर झाडाच्या फांद्यांसारखे पांढरे फराटे दिसतात. ते काय आहेत?

स्थिर विजेच्या ठिणग्यांचे ठसे. कोरडी फिल्म निर्वातात रबरी रोलरवरून धावली की विद्युतभार साठतो. रबरातून बाहेर पडणाऱ्या वायूमुळे रोलरच्या जवळ किंचित दाब तयार होतो, आणि ठिणगी पडायला तेवढा पुरतो. ठिणगीच्या उजेडाने फिल्म तिथे उघडते. त्रासदायक गोष्ट अशी की एकाच घडणीच्या रोलरांपैकी काही ठिणग्या पाडायचे, काही पाडायचे नाहीत. शेवटी प्रत्येक रोलर उड्डाणाआधी निर्वात पेटीत चालवून तपासायचा आणि चांगले तेवढेच बसवायचे, हा मार्ग निघाला. फराटे धुण्याच्या वेळी पडलेले नाहीत, त्यामुळे पुन्हा स्कॅन करून जात नाहीत. शेजारची फ्रेम किंवा जोडीच्या कॅमेऱ्याची फ्रेम पाहा.

कॅमेरा फोटो कसा घ्यायचा?

कोरोनाचा कॅमेरा पॅनोरामिक होता. ६१ सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग उपग्रहाच्या मार्गाला आडवे ७० अंशांतून फिरायचे आणि वक्र पाटीवर धरलेल्या फिल्मवर एका अरुंद फटीतून जमिनीचा लांबट पट्टा ‘रंगवत’ जायचे. म्हणून फ्रेम इतकी लांब आणि अरुंद आहे. केएच-४ पासून दोन कॅमेरे आले. एक १५ अंश पुढे पाहणारा, दुसरा १५ अंश मागे. एकाच जागेचे काही सेकंदांच्या अंतराने दोन कोनांतून फोटो मिळाले की स्टिरिओस्कोपखाली उंची दिसते.

दोन गोष्टींनी प्रतिमा पुसट व्हायची. पहिली म्हणजे उपग्रहाची स्वतःची धाव. जमिनीच्या सापेक्ष वेग सेकंदाला ७.६ किलोमीटरच्या आसपास. उघडीप, म्हणजे फिल्मवर उजेड पडण्याचा वेळ, १/५०० सेकंदाची धरली तर तेवढ्यात जमीन १५ मीटर सरकते. १५० किलोमीटर उंचीवरून फिल्मवरचे प्रमाण येते सुमारे १:२,४६,०००, म्हणजे प्रतिमा ६० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) घसरते. एका रेषाजोडीची रुंदी ६ मायक्रॉन असताना ही घसरण सगळा तपशील पुसून टाकते. म्हणून स्कॅन सुरू असतानाच भिंग उलट दिशेला नेमके तेवढे सरकवायची यंत्रणा होती. कक्षेची खरी उंची आणि यंत्रणेत भरलेली उंची यांत तफावत पडली की भरपाई कमी-जास्त व्हायची.

दुसरी गोष्ट कंपन. भिंग पुढे-मागे झुलवले की प्रत्येक वळणावर धक्का बसतो. केएच-४बी मध्ये झुलणारे भाग काढून सतत एका दिशेने फिरणारी रचना आणली. प्रतिमेच्या दर्जात पडलेल्या फरकाचे मोठे श्रेय तिला द्यायला हवे. पहिल्या फोटोंत १२ मीटरच्या आसपासच्या गोष्टी ओळखू यायच्या, शेवटी १.८ मीटरपर्यंत.

गॅम्बिटचा कॅमेराही असाच होता का?

नाही. गॅम्बिटमध्ये भिंग फिरत नव्हते आणि नेहमीचे शटरही नव्हते. फिल्म एका फटीसमोरून बरोबर त्याच वेगाने सरकवायची, ज्या वेगाने जमिनीची प्रतिमा सरकते. केएच-७ चे नाभीय अंतर १.९६ मीटर. १५० किलोमीटरवरून हा वेग येतो सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर. कोरोनाने मोठा मुलूख धुंडाळून संशयास्पद जागा शोधायची आणि गॅम्बिटने त्याच जागेचा बारकावा टिपायचा, अशी कामाची वाटणी होती.

कुपी कक्षेतून खाली कशी येते?

कोरोनाची कुपी जनरल इलेक्ट्रिकने बनवलेली, ८४ सेंटिमीटर व्यासाची, आकाराने बुडाशी गोल टोपासारखी. क्रम असा:

१. उपग्रह ध्रुवीय कक्षेत उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना अलास्कावरून जातो. तिथल्या स्थानकाकडून इशारा मिळतो आणि कुपी सोडण्याचा क्रम सुरू होतो.

२. आगेना आपले नाक सुमारे ६० अंश खाली झुकवते. डिस्कव्हरर-५ ची चूक याच पायरीवरची.

३. फिल्म कापली जाते, कुपीचे तोंड बंद होते आणि स्फोटक बोल्ट उडून कुपी सुटी होते.

४. थंड वायूच्या झोतांनी कुपी स्वतःभोवती फिरू लागते. दिशा टिकवायला हे फिरणे लागते. आधी यासाठी छोटी घन इंधनाची रॉकेटे होती, ती नीट चालत नव्हती, म्हणून वायूचे झोत आले.

५. रेट्रोरॉकेट पेटते. ते एक सेकंद उशिरा पेटले तर उतरण्याची जागा साडेसात किलोमीटर पुढे जाते.

६. फिरणे थांबवले जाते आणि रेट्रोरॉकेटचा भाग टाकून दिला जातो. कुपी वातावरणात शिरते. पुढचे कवच जळत, झिजत जाते आणि उष्णता सोबत घेऊन जाते.

७. सुमारे १८ किलोमीटर उंचीवर पॅराशूटचा क्रम सुरू होतो, उष्णतारोधक कवच गळून पडते आणि आतली फिल्मची बादली रेडिओ संकेत देत खाली येऊ लागते.

यातली एखादी पायरी जरी हुकली तरी उरलेल्या सगळ्या वाया. कॅमेरा कितीही चांगला असो, हाती काहीच येत नाही.

विमान ती खरोखर हवेत पकडायचे?

हो, आणि हीच नेहमीची पद्धत होती. आधी सी-११९, नंतर सी-१३० विमाने होनोलुलूजवळच्या हिकम तळावरून उडायची. विमानाच्या शेपटीकडचा दरवाजा उघडा ठेवून मागे दोन लांब दांडे सोडलेले, त्यांच्यामध्ये दोरांचे फास आणि आकडे. वैमानिक पॅराशूटच्या अगदी डोक्यावरून विमान न्यायचा. आकडा पॅराशूटच्या मुद्दाम मजबूत केलेल्या दोऱ्यांत अडकला की विंचचा दोर थोडा सैल सुटत जाऊन झटका सोसायचा, आणि मग माणसे बादली आत ओढून घ्यायची. विमान जरा वर राहिले तर आकडा नुसताच निघून जातो, जरा खाली आले तर पॅराशूट पंखात किंवा पंख्यात गुंतण्याचा धोका. डिस्कव्हरर-१४ च्या वेळी कॅप्टन हॅरल्ड मिचेल यांना तिसऱ्या फेरीत, सुमारे २,५०० मीटर उंचीवर यश आले.

विमानाची पकड चुकली तर?

बादली तरंगायची, जहाज किंवा हेलिकॉप्टर जाऊन उचलायचे. पण ती कायम तरंगत राहून परक्या हाती लागू नये म्हणून बुडाशी मिठाचे बूच बसवलेले असायचे. साधारण दोन दिवसांत मीठ विरघळायचे, पाणी आत शिरायचे आणि बादली तळाला जायची. इतका साधा आणि बिनचूक उपाय या सगळ्या प्रणालीत दुसरा नाही असे आम्हाला वाटते. त्याला बॅटरी लागत नाही आणि इशाराही लागत नाही.

जमिनीवर पडली तर मात्र बूच निरुपयोगी. मे १९६४ मध्ये एक कुपी व्हेनेझुएलात पडली आणि शेतावरच्या माणसांना सापडली. त्यानंतर कुपीवर ‘गुप्त’ लिहिणे बंद झाले. परत करणाऱ्याला बक्षीस मिळेल, असे आठ भाषांत लिहू लागले.

समुद्राच्या तळातून कुपी काढली होती हे खरे का?

खरे आहे. पहिला हेक्सागॉन १५ जून १९७१ रोजी उडाला. त्याच्या तिसऱ्या कुपीचे पॅराशूट १० जुलैला निकामी झाले आणि कुपी हवाईच्या उत्तरेला समुद्रावर आदळून सुमारे ५,००० मीटर खोल गेली. अमेरिकी नौदलाच्या ट्रिएस्ट-२ या खोल समुद्रातल्या पाणबुडीने २५ एप्रिल १९७२ रोजी ती पकडली, पण वर आणताना फिल्मच्या गठ्ठ्याचे तुकडे झाले आणि जवळपास सगळी फिल्म पाण्यात विखुरली. त्या काळापर्यंत इतक्या खोलीवरून वस्तू काढण्याचे हे काम अजोड होते. हाती आलेले तुकडे फोटो म्हणून कामाचे नव्हते.

हेक्सागॉनमध्ये वेगळे काय होते?

आकार आणि फिल्मची धाव. दोन कॅमेरे, प्रत्येकी १.५२ मीटर नाभीय अंतर, कॅमेऱ्याच्या नळ्या सतत गोल फिरणाऱ्या, आणि १२० अंशांपर्यंतचा पट्टा. कॅमेरे पर्किन-एल्मरने कनेक्टिकटमधल्या डॅनबरी इथे बनवले. १६.८ सेंटिमीटर रुंदीची सुमारे ९७ किलोमीटर फिल्म एका उपग्रहात असायची आणि ती चार कुपींतून परत यायची. फोटो घेताना फिल्म सेकंदाला ५ मीटरपर्यंत धावायची, थांबायची, मागे गुंडाळायची, पुन्हा धावायची. एवढ्या जड रिळांना असा वेग दिला की उपग्रहच उलट दिशेला वळू पाहतो. म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांची रिळे परस्परविरुद्ध दिशांना फिरवली होती. फिरत्या नळीतून धावती फिल्म नेण्यासाठी ती पिळून वळवणारी खास यंत्रणा होती, आणि प्रकल्पातला सर्वांत अवघड भाग तोच.

२० हेक्सागॉन उडाले. शेवटचा १८ एप्रिल १९८६ रोजी रॉकेटच्या स्फोटात नष्ट झाला, बाकी १९ कक्षेत पोचले.

सोव्हिएत झेनित अमेरिकी पद्धतीपेक्षा वेगळा कसा?

मुळापासून वेगळा. झेनित हा गागारिन ज्यात बसले त्या व्होस्तोक यानाचा भाऊबंद. २.३ मीटर व्यासाच्या गोलात माणसाऐवजी कॅमेरे बसवले आणि अख्खा गोल कॅमेऱ्यांसह कझाकस्तानच्या गवताळ मैदानावर पॅराशूटने उतरवला. गोलात हवेचा दाब असल्याने फिल्म ठिसूळ होण्याचा प्रश्नच आला नाही. कॅमेरे तपासून पुन्हा वापरता यायचे. यासाठी द्यावी लागणारी किंमत म्हणजे वजन. साडेचार टनांहून जड उपग्रह, आणि साधारण आठ दिवसांत मोहीम संपलेली. अमेरिकेकडे तेव्हा इतके वजन उचलणारे रॉकेट नव्हते, म्हणून त्यांना छोटी कुपी आणि निर्वातातला कॅमेरा यांचा मार्ग घ्यावा लागला.

पहिला प्रयत्न ११ डिसेंबर १९६१ रोजी फसला. कॉसमॉस-४ या नावाने २६ एप्रिल १९६२ रोजी उडालेला झेनित २९ तारखेला सुखरूप उतरला. मुख्य कॅमेऱ्यांचे नाभीय अंतर १ मीटर, फ्रेम ३० × ३० सेंटिमीटर. २०० किलोमीटर उंचीवरून एका फ्रेममध्ये ६० × ६० किलोमीटर मुलूख यायचा. प्रत्येक कॅमेऱ्यात १,५०० फ्रेमची फिल्म. गोल परक्या देशात उतरण्याची वेळ आली तर स्फोटाने उडवून देण्याची सोयही आत होती. १९९४ पर्यंत वेगवेगळ्या रूपांत पाचशेहून अधिक झेनित उडाले.

चीनच्या कुपीचे कवच लाकडी होते, हे खरे?

हो. ओकच्या लाकडाचे उष्णतारोधक कवच एफएसडब्ल्यूवर होते. लाकूड जळताना वर कोळशाचा थर तयार होतो आणि तो आतल्या भागाला उष्णता पोचू देत नाही. स्वस्त, हाताशी असलेले आणि पुरेसे चांगले साहित्य. पहिला यशस्वी उपग्रह २६ नोव्हेंबर १९७५ रोजी उडाला आणि तीन दिवसांनी उतरला, तोही सिचुआनऐवजी गुइझोऊ प्रांतात. ऑक्टोबर १९९३ मध्ये डिस्कव्हरर-५ चीच चूक इथे झाली. दिशा उलटी राहिल्याने कुपी वरच्या कक्षेत गेली आणि मार्च १९९६ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये पडली.

फोटो काढल्यापासून हातात यायला किती वेळ लागायचा?

कुपी उतरायला काही दिवस, मग विमानाने न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला कोडॅकच्या प्रयोगशाळेत धुलाई आणि प्रती, मग वॉशिंग्टनमध्ये विश्लेषण. शांततेच्या काळात हे चालून जायचे. क्षेपणास्त्रांचे तळ एका आठवड्यात उभे राहत नाहीत. सप्टेंबर १९६१ मध्ये अमेरिकी गुप्तचर अंदाजाने सोव्हिएत आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचा आकडा एकदम १० ते २५ वर आणला, तो मुख्यतः कोरोनामुळेच.

संकटाच्या वेळी मात्र हीच पद्धत तोकडी पडायची. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवर जमलेल्या सैन्याचे फोटो असलेली फिल्म हाती आली, तोवर सैन्य प्रागमध्ये शिरले होते. डिसेंबर १९७६ मध्ये उडालेल्या केएच-११ या फिल्म नसलेल्या अमेरिकी उपग्रहाने फोटो थेट रेडिओने पाठवायला सुरुवात केली, त्यामागे हीच कळ होती.

ढगांचे काय करायचे?

बरीच फिल्म ढगांवर खर्च झाली. फिल्म मोजकी, त्यामुळे आज तिथे आकाश मोकळे आहे का हे आधी कळणे मोलाचे. अमेरिकेने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच यासाठी वेगळे लष्करी हवामान उपग्रह उभे केले.

भारताने असे उपग्रह वापरले का?

नाही. भारताच्या दूरसंवेदन उपग्रहांनी सुरुवातीपासून रेडिओनेच चित्रे पाठवली. भास्कर-१ (१९७९) मध्ये टीव्ही कॅमेरे होते, मार्च १९८८ च्या आयआरएस-१ए मध्ये सेमीकंडक्टर संवेदक. कुपी परत आणण्याचे तंत्र इस्रोने वेगळ्या हेतूने मिळवले. एसआरई-१ ही कुपी १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्हीवर उडाली आणि २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरातून उचलली. तिच्यात फिल्म नव्हती, प्रयोग होते.

हे जुने फोटो आज सर्वांना मिळतात का? महाराष्ट्र-गोव्याचे?

मिळतात. २२ फेब्रुवारी १९९५ च्या आदेशाने कोरोनाचे ८ लाखांहून जास्त फोटो खुले झाले. २००२ मध्ये केएच-७ चे आणि केएच-९ वरच्या वेगळ्या मॅपिंग (नकाशांसाठीच्या) कॅमेऱ्याचे, नंतर हेक्सागॉनच्या मुख्य कॅमेऱ्यांचे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर ‘डीक्लासिफाइड’ या गटात शोधा. एखाद्याने आधीच स्कॅन करून घेतलेली फ्रेम फुकट उतरवता येते. न केलेल्या फ्रेमसाठी शुल्क भरून मागणी नोंदवावी लागते, पण ती एकदा स्कॅन झाली की पुढे सर्वांना फुकट. म्हणूनच मागणी नोंदवणारा प्रत्येक जण पुढच्यांसाठीही काम करत असतो.

आपल्याकडच्या अभ्यासकांना यांचा खरा उपयोग धरणांखाली गेलेल्या भूगोलासाठी आहे. जायकवाडी भरण्याआधीचे गोदावरीचे खोरे, उजनीआधीचा भीमेचा काठ, गोव्यातल्या खाणी पसरण्याआधीचे डोंगर. शोधताना जून ते सप्टेंबर सोडून द्या, ढगांशिवाय काही मिळणार नाही. नोव्हेंबर ते मे धरा. आधी छोटी झलक-प्रतिमा उघडून तुमचा तालुका ढगाबाहेर आहे की नाही ते पाहा, मगच मागणी नोंदवा.

फ्रेमचा क्रमांक वाचायला शिका. डीएस११०४-२१३८डीए०१० मध्ये ११०४ ही मोहीम, पुढचा २ म्हणजे दुसरी कुपी, १३८ ही प्रदक्षिणा, डी म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना, ए म्हणजे मागे पाहणारा कॅमेरा (पुढच्या कॅमेऱ्याला एफ), आणि शेवटी फ्रेमचा क्रमांक. त्याच प्रदक्षिणेतल्या ए आणि एफ फ्रेमची जोडी जुळवली तर स्टिरिओ मिळते.

स्कॅन केलेला फोटो नकाशावर बसत नाही. काय चुकते?

बहुधा तुमचे काही चुकत नसते. पॅनोरामिक फोटोत मध्याकडून टोकांकडे प्रमाण बदलत जाते, टोकाला जमीन तिरकी दिसते. शिवाय फाइलला अक्षांश-रेखांश जोडलेले नसतात, आणि कोरोनाची एक फ्रेम बहुधा चार तुकड्यांत येते. अख्खी फ्रेम एका दमात बसवायच्या फंदात पडू नका.

तुम्हाला हवा तेवढा १५-२० किलोमीटरचा तुकडा कापा. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत निदान २०-२५ खुणा द्या, म्हणजे फोटोत आणि आजच्या नकाशावर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा. खुणा म्हणून देवळे, गढीचे कोपरे, रेल्वेचे पूल, जुन्या रस्त्यांचे फाटे आणि मोठ्या विहिरी निवडा. नदीचा काठ, झाडांची राई, शेतांचे बांध टाळा, साठ वर्षांत ते सरकलेले असतात. डोंगराळ भागात माथ्यावरची आणि पायथ्याची अशा दोन्ही उंचीच्या खुणा हव्यात, नाहीतर घाटाची कड शेकडो मीटर घसरते. रूपांतरासाठी थिन प्लेट स्प्लाइन वापरा, आणि चार-पाच खुणा बाजूला ठेवून त्यांवरून चूक मोजा. स्प्लाइन दिलेल्या खुणांवर नेहमीच शून्य चूक दाखवतो, ती खरी नसते.

आणखी एक. केएच-४बीचा स्कॅन साधारण ७ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एक ठिपका जमिनीवर सुमारे १.७ मीटरचा. फिल्मची १.८ मीटरची क्षमता रेषाजोडीची, ठिपक्याची नव्हे. त्यामुळे स्कॅनमध्ये मूळ फिल्मइतका बारकावा येत नाही. पायवाट दिसली नाही म्हणून ती तेव्हा नव्हती असा निष्कर्ष काढू नका.

कोरोना घ्यावा की केएच-९ मॅपिंग कॅमेरा?

काम पाहून ठरवा. गावठाण, तटबंदी, विहिरी, शेतांचे आकार हवे असतील तर कोरोना. सीरिया आणि इराकमधल्या ३९६ अज्ञात रोमन गढ्या २०२३ मध्ये जाहीर झाल्या, त्या कोरोना आणि हेक्सागॉनच्या फोटोंवरून शोधलेल्या. मोजमाप हवे असेल, खोऱ्याचा किंवा हिमनदीचा बदल काढायचा असेल, तर केएच-९ चा मॅपिंग कॅमेरा. त्याची फ्रेम २३ × ४६ सेंटिमीटरची, एका फ्रेममध्ये साधारण १३० × २६० किलोमीटर मुलूख, तपशील ६ ते ९ मीटर. फिल्मवर दर सेंटिमीटरला बारीक फुल्या उमटवलेल्या आहेत. फिल्म धुताना, वाळताना किंवा इतक्या वर्षांत ताणली-आकसली असेल तर त्या फुल्यांवरून विकृती काढून टाकता येते. हिमालयातल्या ६५० हिमनद्यांचा बर्फ २००० सालानंतर त्याआधीच्या दुप्पट वेगाने घटतो आहे, हे २०१९ च्या अभ्यासात मोजले गेले, आणि त्यासाठी हिमनद्यांची जुनी उंची याच फोटोंच्या स्टिरिओ जोड्यांवरून काढली.

शेवटचा असा उपग्रह कधी उडाला?

अमेरिकेत कोरोनाची शेवटची फिल्म ३१ मे १९७२ रोजी आली. गॅम्बिट एप्रिल १९८४ पर्यंत उडाला, हेक्सागॉनचा शेवट वर आलाच आहे. रशियाने मात्र फिल्म सोडायची घाई केली नाही. यांतार घराण्यातल्या कोबाल्ट-एम मालिकेचा कॉसमॉस-२५०५ हा उपग्रह ५ जून २०१५ रोजी प्लेसेत्स्कवरून उडाला, आणि त्यानंतर असा उपग्रह त्यांनी उडवलेला नाही.